विकलेला आवाज

सुज्ञ वाचकहो, एका आवाजाच्या विक्रीची कथा येथे नम्रतापूर्वक निवेदन करीत आहे.

दिवंगत यशवंतरावांचा यंत्रात जतन केलेला आवाज त्यांच्या ऑनलाइन मसाला-दुकानात गिऱ्हाइकांशी बोलत असे. "थोडाच घ्या, वास उडतो," असे तो प्रत्येकास बजावी.

"हा आवाजाचा विभाग तोट्याचा, वहिनी. शिंद्यांच्या कंपनीला विकला," धाकटे बंधू रंगराव म्हणाले.

"मला विचारलंत?" यशवंतरावांची पत्नी इंदुमती म्हणाली.

"दादा गेला. आता मालक मी."

"लखलाभ, भाऊजी."

दुसऱ्या सकाळी कांडपयंत्राने नित्याप्रमाणे त्या आवाजास मसाल्याचे प्रमाण विचारले. उत्तर आले नाही. प्रमाण कागदावर कधीच उतरवलेले नव्हते.

"वहिनी, तुम्हांला ठाऊक असेल ना?"

"आहे की. आधी ह्यांना घरी आणा."

"शिंदे देणार नाहीत."

"मग दुकानाची पाटी उतरवा."

वाचकांचा ऋणी,
नामदेव बाळा चौगुले