बिडवा

"कंट्रोल-सी नको म्हटलं ना!" वादिराज सर ओरडले, पण तोवर शुभांगीची बोटं कीबोर्डवर पडली होती. काळ्या पडद्यावरची पार्टांची अख्खी यादी गायब. उरला एक लुकलुकणारा चौकोन.

ही दुसरी खेप. क्लासात दोन वर्षं घोटून घेतलं होतं, कॉपी म्हणजे कंट्रोल-सी. या जुन्या पडद्यावर मात्र त्याचा अर्थ 'चाललेलं काम बंद कर' असा होता. बोटांना ते कोण समजावणार?

गोकुळ रोडवरच्या या पंपाच्या कारखान्यात जागा एकच, आणि तिची परीक्षा वादिराज सर घेत होते. बाहेर बाकावर क्लासातलीच प्रियांका बसलेली. शुभांगीला आधी तीन ठिकाणी नकार मिळालेला. अळणावरहून निघताना अप्पांनी सकाळीच सांगून टाकलं होतं, "आज झालं तर झालं. नाहीतर सोमवारपासून आईबरोबर ऊसतोडीला." ऊसतोडीला ती भीत नव्हती. एकदा कोयता हाती आला की पुन्हा कुणी काही विचारणार नाही, याला भीत होती.

सरांनी यादी पुन्हा उघडून दिली. "नुसता माउस वापर, तंगी. हा नंबर उचल, खाली ऑर्डरीत टाक." तंगी म्हणजे धाकटी बहीण, पण आवाजात बहीण कुठंच नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. तो कानाला लावून ते खिडकीकडे वळले.

शुभांगीनं माउसचं बटण दाबलं. पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत अलगद ओढत नेलं. नंबर पांढऱ्या पट्टीत उजळला. आता पुढं काय? कॉपी असं कुठंच लिहिलेलं नाही. बोट उचललं तर हेही जाईल, म्हणून तिनं बटण असं दाबून धरलं की नख पांढरं पडलं.

सरांनी फोनवर बोलता बोलताच एकदा मान वळवली. "बिडवा," म्हणाले, आणि पुन्हा खिडकीकडे.

बिडवा. सोड गं. हा कन्नड शब्द तिच्या चांगल्याच ओळखीचा. गणित अडलं, बिडवा. घागर हिंदकळली, बिडवा. आधीच्या तिन्ही ठिकाणी शेवटी हेच. तुला नाही जमायचं, सोड.

तिनं सोडलं. बॅग उचलली, सरांच्या पाठीला नमस्कार केला आणि प्रियांकाकडे न बघता जिना उतरली.

अर्ध्या तासानं प्रियांका बसथांब्यावर धावतच आली. "अगं, झालं माझं! सोमवारी ये म्हणाले! आणि मला काऽही येत नव्हतं. खुर्चीत बसले, पडद्यावर एक नंबर आधीच उजळलेला, घाबरून चुकून उजवं बटण दाबलं, तर खाली नंबर आपोआप उमटला! सर म्हणाले, 'शाब्बास. इथं नंबरावरून ओढून बोट सोडलं की कॉपी होतं, उजव्या बटणानं उमटतं. कुणी शिकवलं?' मी दिलं ठोकून, क्लासात!"

बस आली. शुभांगी जागची हलली नाही.

"माझं काही म्हणाले?"

"तुझं ना? हसत होते. म्हणाले, 'बोट सोड म्हटलं, तर पोरगी खुर्चीच सोडून गेली. तिला नोकरी नकोच असणार.'"