फ्लेक्सवरचं पहिलं नाव

बाबा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी माझे दोघे भाऊ यवतमाळच्या फ्लेक्सच्या दुकानात एकमेकांच्या अंगावर धावून गेले. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर 'शोकाकुल'च्या खाली पहिलं नाव कोणाचं, यावरून.

"मोठा पोरगा मी! नाव माह्यंच पयले!" अश्वजित ओरडला.

"अन् बाबाले दवाखान्यात कोनं नेलं? तू तं पुण्याहून नुसता फोन करून राह्यलता!" संघदीपनं त्याची कॉलरच धरली.

खरं तर सगळ्यांत मोठी मी. पण मुलीचं नाव टाकायचं दोघांच्याही डोक्यात नव्हतं, आणि मला विचारतो कोण?

दुकानदार वैतागला. "मंग भांडा, आधी फोटो तं द्या!"

फोटो हातात घेतला आणि तो आमच्या तोंडाकडे बघतच राहिला. "या बाबाचा फ्लेक्स तं सकाळीच केळापूरले गेला."

केळापूर. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, आणि केळापूरची मुक्कामी गाडी त्यांनी वीस वर्षं कोणाला सोडली नव्हती.

त्यानं स्क्रीन आमच्याकडे वळवली. बाबाच होते. आमच्या घरात कधी न दिसलेलं हसू होतं तोंडावर.

खाली पहिलंच नाव मुलीचं होतं, पण माझं नाही :

'शोकाकुल – ज्येष्ठ कन्या रुपाली.'