पिंपळाचा पार

दरवर्षी दसऱ्याआधी गाव किल्ल्यावर जाई, देवीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घाली आणि मगच बुरजात रुजलेले पिंपळ मुळासकट उपटून टाकी. एकवीस साली सरकारने किल्ला ताब्यात घेतला आणि इथल्या कशालाही हात लावाल तर खबरदार, अशी पाटी ठोकली. तरी त्या दसऱ्याला धाकू गुरव बुरजाच्या बुडाशी भेगेत रुजलेलं वीतभर रोप उपटायला गेलाच.

"अवो, ह्यो आज काढला नाय तर उद्या बुरूज पाडील!" तो ओरडत राहिला. पहारेकऱ्याने त्याचे हात बांधले आणि भर गावातून चालवत त्याला कचेरीत नेलं. "किल्ला आता सरकारचा. काय ते सरकार बघेल."

सरकार बघतच राहिलं. रोपाचं झाड झालं आणि पस्तीसच्या पावसात अख्खा बुरूज धाडकन खाली आला. पिंपळ मात्र ताठ उभा.

तेव्हा कुठे दुरुस्तीला पैसा मंजूर झाला. आता बुरूज उभा राहणार म्हणून धाकू म्हातारपणी धापा टाकत वर गेला. बघतो तर काय, गवंड्यांनी बुरजाचेच चिरे उचलून त्या पिंपळाला झकास पार बांधलेला! पाहणीला येणाऱ्या साहेबाला सावलीत बसायची सोय हवी ना. त्यातच मंजूर पैसा संपला. धाकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.


पारावर ऐसपैस बसलेला साहेब उलट त्याच्यावरच डाफरला, "रोप वीतभर होतं तेव्हाच उपटून टाकायला काय धाड भरली होती तुम्हा गावकऱ्यांना?"