दस्त्यावरचा मोर

बिनपरवाना ठासणीची बंदूक फौजदारांच्या टेबलावर आडवी पडली होती, आणि तिच्या शिसवी दस्त्यावर कोरलेला मोर सोमा मेस्त्रीकडेच बघत होता. "कुणी केली, माका ठाऊक नाय," एवढं एकच वाक्य सोमा सकाळपासून पुरवून वापरत होता. कबुली दिली की तुरुंग ठरलेला.

अखेर फौजदार कंटाळले. "जा घरी, मेस्त्री. एवढी नाजूक नक्षी तुमच्या हातची नव्हेच. पलीकडच्या वाडीतल्या दाजीची असणार."

सोमा सुटला होता. उंबरठा ओलांडून पायरीही उतरला, आणि तिथूनच परत फिरला.

"दाजीचो मोर बदकासारखो दिसता, सायबानू! ह्यो माझो हात आसा."

फौजदारांनी हवालदाराला नुसती खूण केली. कोठडीचं दार लागल्यावर गजांआडून सोमा एवढंच म्हणाला, "बंदूक तेवढी उन्हात ठेवू नकात. लाकूड तडकात."