शेवटच्या पानाचा समास

"मग? येतो का परत त्याचा पोरगा?" दाभण हातातच धरून अप्पांनी विचारलं.

पोरगीने वहीचं पान उलटलं. बाइंडिंगच्या त्या चिंचोळ्या दुकानात एकुलत्या एका स्टुलावर ती बसली होती, मांडीवर वही, आणि गेला तासभर बापाला आफ्रिकेतल्या एका कादंबरीची गोष्ट सांगत होती. कादंबरी इंग्रजी. अप्पांचं आणि इंग्रजीचं पहिल्यापासून वाकडं. पानं लावायला लागतात तेवढे आकडे ओळखायचे, बस्स. उद्या सकाळी पोरगी हीच कादंबरी घेऊन दूरच्या विद्यापीठात निघाली होती, चार वर्षं तिच्यावरच अभ्यास करायला. प्रत जुन्या बाजारातली, पार खिळखिळी. "अशी सुटी पानं घेऊन जाणार होय? बाइंडरची पोरगी ना तू? लोक माझ्या तोंडात शेण घालतील," असं म्हणून अप्पांनी कालच ती तिच्या हातून काढून घेतली होती.

गोष्ट तशी साधी. गावातला एक म्हातारा ढोल बनवतो. त्याचा मुलगा शहरात शिकायला जातो. म्हातारा त्याच्यासाठी एक ढोल कोरून ठेवतो, पण कातडं चढवत नाही. ते काम दोघांचं. एकाने ताणून धरायचं, दुसऱ्याने आवळायचं.

"त्या म्हाताऱ्याबद्दल काय लिहिलंयस तू?"

तिने वहीत पाहिलं. "की तो जुन्या जगाचं प्रतीक आहे. नव्या काळाशी त्याला जुळवून घेता येत नाही."

"ढोल चांगला बनवतो का?"

"फार चांगला."

"मग ते लिही की आधी!"

ती हसली आणि हसता हसताच तिला भरून आलं. या माणसाला उद्यापासून एकट्याने जेवायचं होतं. घरात होतंच कोण दोघांशिवाय?

"ते राहू दे. पोरगा येतो का ते सांग."

शेवट तर तिला तोंडपाठ होता. पोरगा येत नाही. म्हातारा मरतो, आणि त्या उघड्या ढोलात शेजारणीची कोंबडी अंडी घालते. पण हे आज, या माणसाला, कुठल्या तोंडाने सांगायचं?

"येतो ना," ती म्हणाली. "चांगला मोटारीतून येतो. बापासमोर मांडी घालून बसतो आणि दोघं मिळून कातडं चढवतात."

"बरं झालं बाई," अप्पा म्हणाले. शेवटचा टाका ओढून त्यांनी दोरा दाताने तोडला.

थाप पचली म्हणून तिला हायसं वाटलं. आणि पचली म्हणूनच जास्त वाईट वाटलं.

आता कड कापायची राहिली होती. अप्पांची त्यात एक रीत होती. जुन्या पुस्तकाच्या समासात कुणी काही लिहिलेलं असलं तर ते जाऊ द्यायचं नाही. नखाएवढीच कड काढायची. पुस्तक इंग्रजी असलं तरी पोरं समासात खरडतात मराठीतच, आणि ते अप्पा चष्मा लावून, चवीने वाचायचे. काल याच पुस्तकाची पानं लावताना त्यांना 'इथे सर झोपले' असं सापडलं होतं, तेव्हा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने हसले होते.

त्यांनी पुस्तक कापायच्या मशीनमध्ये सरकवलं. मोजलं. मग आणखी थोडं आत सरकवलं आणि दांडा खाली ओढला. बोटभर रुंद कात्रण खाली पडलं.

"अहो अप्पा! समास गेला की सगळा! झोपलेले सरसुद्धा गेले!"

"हात हलला," अप्पा म्हणाले. "वय झालं आता. तू तेवढा केर काढ, मी पुठ्ठा चढवतो."

चाळीस वर्षांत त्या मशीनवर त्यांचा हात हलल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. तिच्या मनात जरा पाल चुकचुकली. झाडू घेऊन ती खाली वाकली.

कात्रणांचा गठ्ठा पडला तसाच होता, एकावर एक. सगळ्यात वर शेवटच्या पानाची पट्टी. तिच्यावर कुणा विद्यार्थ्याने पेन्सिलीने उभं लिहिलेलं होतं, ठळक, स्वच्छ मराठीत: 'पोरगा येत नाही. म्हातारा वाट बघून मरतो. परीक्षेला हमखास.'

ती तशीच उकिडवी बसून राहिली. पानं तर काल लावून झाली होती.

"इकडे ये गं जरा," मागून अप्पांनी हाक मारली. "हे कापड ताणून धर. एकट्याला जमत नाही."

पट्टी मुठीत घेऊन ती उठली. दुसऱ्या हाताने तिने कापडाचं टोक धरलं. अप्पा पुठ्ठ्यावर खळ फिरवत होते. बोटं अगदी सरळ रेषेत चालली होती.

"सुट्टीत येशीलच की तू."

तिला 'येईन' म्हणायचं होतं. तिने कापड आणखी घट्ट ताणलं.

"येशील गं," अप्पाच म्हणाले, मान वर न करता. "त्या ढोलवाल्याचा आला तशी."