निर्व्यंग

इराणच्या राजधानीत, तिस्फूनच्या गादीवर यंदा बसवलेला एकही राजा जिवंत राहिला नव्हता. राजवंशातला पुढचा मुलगा शोधत सरदार आणि धर्मगुरू अंतःपुरात आले.

मेहरदुख्तने आपल्या लेकाला, पेरोजला पुढे केलं. त्याच्या कानाची पाळी कापली गेली होती, रक्त अजून ओलं होतं.

"हे काय, राणीसाहेब?"

"उंबऱ्यावर आपटला हो. मेला एक घटका स्वस्थ बसेल तर शपथ."

धर्मगुरूंनी नाराजीने मान हलवली. "व्यंग असलेल्या देहावर देवाचं तेज उतरत नाही. हा राजा होणे नाही."

पेरोज हुंदके देत आईपासून लांब सरकला.

तेवढ्यात शेजारच्या दालनातून तिची धाकटी जाऊ लगबगीने आली, लेकाला कडेवर घेऊन.

"आमचा बघा की! अंगावर साधा ओरखडा सापडायचा नाही."