मनगट

"शेजारणीचं मनगट हलकेच धरा," गौरी म्हणाली. "हाताची ऊब तेवढी जाणवू द्या. दुसरं काही करायचं नाही."

उज्जैनच्या फ्रीगंजातल्या एका दवाखान्याच्या स्टोअररूममध्ये सात सिस्टर सतरंजीवर बसल्या होत्या. कोरोना वॉर्डाच्या पाळीतून वीस मिनिटं काढलेली. अंग सैल सोडलं की मनावरचा भार थोडा उतरतो, हे शिकवायला गौरी इंदूरहून आली होती.

सहाजणींनी जोड्या केल्या. मनगटं धरली आणि बोटं आपोआप नाडीवर गेली. डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"अहो, नाडी नाही बघायची!"

"एक सौ चार!" मानसी म्हणाली. "श्रुतीदीदी, तुम्हीच भरती होऊन जा आता."

"पलंग कुठेय बाई? लाइन लागलीय."

सगळ्या हसल्या. सातवी अहल्या हसली नाही. अठरा वर्षं पाळीवर तिची जोडी प्रतिभा सिस्टरशी होती. प्रतिभा काल याच वॉर्डात, पेशंट म्हणून, वारली. आज सकाळी तिला चक्रतीर्थाच्या स्मशानात नेलं.

गौरी अहल्यासमोर बसली आणि तिने आपलं मनगट पुढे केलं. अहल्याने ते धरलं, डोळे मिटले.

तीन मिनिटं झाली. "आता सोडा."

सहाजणींनी सोडलं. अहल्याच्या बोटांखाली गौरीची कातडी पांढरी पडली होती.

"अहल्याताई, सोडा ना."

"नाही." तिने डोळे उघडले नाहीत. "काल प्रतिभाचं असंच धरलं होतं. नऊ नंबरवाल्याने हाक मारली, म्हणून सोडलं. सोडलं तेव्हा नाडी चालू होती. बारीक होती, पण चालू होती. मी परत येईतो..."

काल पाळीवर याच सातजणी होत्या.

गौरीने हात तसाच राहू दिला.

दार वाजलं. वॉर्डातले दिलीपभैया धापा टाकत होते. "सिस्टर, चार नंबर का ऑक्सिजन गिर रहा है!"

अहल्या उठू लागली. गौरीचं मनगट अजून तिच्या मुठीत होतं. मानसीने तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

"तू बैस, ताई. मी बघते."

अहल्याने डोळे उघडले. आवाजात राग नव्हता.

"हे काल म्हणायचं होतंस गं."

मानसी दाराशी मास्कची दोरी बांधत राहिली. गाठ बसेना. मग एका हाताने मास्क तोंडावर दाबून धरत ती वॉर्डाकडे धावली.